चित्रं कापलेलं पुस्तक

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. नोकरीत मी खून पाहिले, बुडालेल्या पर्यटकांची प्रेतं वाळूवरून उचलली, सख्ख्या भावांनी एका नारळाच्या झाडापायी एकमेकांवर कोयते काढलेले पाहिले. त्या सगळ्यांवरचा राग काळाबरोबर निवला. एका जुन्या पुस्तकातली चित्रं चोरीला गेली होती, त्या प्रकरणाचा राग मात्र निवृत्तीनंतरही तसाच आहे. सांगायला लागलो की लोक हसतात. पुस्तकाची चोरी ती काय, म्हणतात. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो. नाव कोणाचंच लिहिणार नाही, काहींचं लिहावंसं फार वाटतं तरीही.

तेव्हा मी रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. मोठ्या वादळाला दोन-तीन वर्षं होऊन गेली होती. वाड्यांमधल्या आडव्या झालेल्या नारळी-पोफळी उचलून झाल्या होत्या, घरांवर नवे पत्रे चढले होते आणि पर्यटक पुन्हा यायला लागले होते. शनिवार-रविवारी आमचं निम्मं काम म्हणजे वाळूत रुतलेल्या गाड्या काढणं. भरतीची वेळ विचारून गाडी किनाऱ्यावर घालणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. उरलेलं काम म्हणजे बांधाची भांडणं, दारू आणि अपघात. चोऱ्या तशा कमीच.

त्या दिवशी अलिबागची क्राइम मीटिंग आटोपून मी दुपारी ठाण्यात आलो, तर व्हरांड्यात बाकाशेजारी खाली फरशीवर एक बाई बसलेली. चाळिशी ओलांडलेली, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेला, नजर जमिनीकडे. ठाणे अंमलदाराला विचारलं तर म्हणाला, चोरीतली संशयित आहे, हवालदारांनी सकाळी बोलावून घेतलंय. म्हणजे हजेरी झाल्यापासून ती तिथे बसून होती आणि तिला कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. स्टेशन डायरीत तिच्या येण्याची नोंद नव्हती.

बाईमाणसाला चौकशीसाठी असं ठाण्यात बोलावून बसवता येत नाही. तिच्या घरी जायचं, बरोबर महिला अंमलदार न्यायची आणि तिथे विचारायचं. हे पोलिसाला पहिल्या वर्षी शिकवतात आणि दुसऱ्या वर्षी तो विसरतो. हवालदाराला मी सगळ्यांसमोर झापलं. तो म्हणाला, साहेब, फिर्यादी मोठ्या घरचे आहेत, थोडं दरडावलं की ही बोलेल. मी त्याला विचारलं, मोठ्या घरच्या फिर्यादीलाही फरशीवरच बसवलं होतंस का? 

बाईला जीपने घरी सोडा, असं मी सांगितलं. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"जीप नको, साहेब. जीपमधून उतरताना लोकांनी बघितलं तर मग काय ऱ्हायलंच न्हाय. मी चालत जाईन."

ती गेली आणि मी फिर्याद वाचायला घेतली.

दिवेआगरला नारळ-सुपारीच्या वाडीत एका वृद्ध बाईंचं घर होतं. गाव त्यांना काकू म्हणत असे, मीही तेच म्हणतो. यजमान वारलेले, एकुलता मुलगा नवी मुंबईत नोकरीला. वादळानंतर त्याने घरामागे खोल्या बांधून होम-स्टे काढला होता. बुकिंग तो तिकडून फोनवर घ्यायचा, काकू पाहुण्यांना घावन-मोदक करून घालायच्या आणि खोल्या झाडणं, चादरी बदलणं हे सगळं ती फरशीवर बसलेली बाई करायची. ती समुद्राकडच्या कोळीवाड्यातली, नवरा बोटीवर. वाडीत तिला सगळे ताई म्हणत. काकूंसारखी आणखी काही घरं तिने धरली होती आणि त्या सगळ्या घरांच्या खोल्यांच्या चाव्या तिच्याकडे असायच्या. होम-स्टेच्या कामात हात कितीही चपळ असोत, चावी ज्या बाईला देता येत नाही तिला काम मिळत नाही.

काकूंच्या कपाटात एक जुनं पुस्तक होतं. शृंगारिक कवितांचा संग्रह. संस्कृत, प्राकृत आणि जुन्या मराठीतल्या निवडक रचना, खाली त्यांचा अर्थ आणि मधून मधून पातळ कागदाखाली झाकलेली रंगीत चित्रं. मोठा आकार, कापडी बांधणी, मुंबईत छापलेलं. काकूंचे सासरे ते कुलपात ठेवायचे, घरातल्या सुनांच्या हाती लागू नये म्हणून. सासरे गेल्यावर काकूंच्या यजमानांनी ते कुलूप काढलं आणि दुपारची जेवणं झाली की बायकोला त्यातल्या कविता वाचून दाखवायला लागले. हे मला सांगताना सत्तरी ओलांडलेल्या काकू लाजल्या होत्या.

समुद्राकाठच्या हवेत कागदाला बुरशी धरते. म्हणून पाऊस सरला की दर वर्षी एक दिवस पुस्तकांना ऊन दाखवायचं, अशी त्या घरची रीत होती. त्या वर्षी काकूंच्या सांगण्यावरून ताईने पुस्तक कपाटातून काढलं, ओटीच्या कडेला उन्हात चादर अंथरून उघडलं, तर चित्रं नाहीत. कवितांचं पान न् पान जागेवर, चित्रं तेवढी कोणीतरी ब्लेडने कापून नेलेली. मागच्या वर्षी ऊन दाखवलं तेव्हा सगळी होती.

सुट्टीचा दिवस होता, त्यामुळे काकूंचे चिरंजीव नवी मुंबईहून घरी आले होते. ओटीवर पाहुणे नाश्त्याला बसलेले, शेजारचे दोन वाडीवाले सुपारीच्या भावाचं बोलायला आलेले. त्या सगळ्यांच्या देखत चिरंजीवांनी ताईकडे बोट दाखवलं. घरात दुसरं शिरतंच कोण, चावी हिच्याकडे, कपाट ही पुसते, असं म्हणत त्यांनी तिची पिशवी मागून घेतली आणि ओटीवर उलटी केली. त्यातून जेवणाचा डबा आणि तिच्याच घरचा एक जुना टॉवेल निघाला. ताईने काकूंकडे पाहिलं. काकू काही बोलल्या नाहीत. तिने डबा आणि टॉवेल पिशवीत भरला, चाव्यांचा जुडगा पायरीवर ठेवला आणि ती निघून गेली.

फिर्याद अज्ञात इसमाविरुद्ध होती, पण जबाबात संशय ताईवर. चिरंजीवांचा आग्रह होता की नोकराने मालकाच्या घरात केलेल्या चोरीचं वेगळं, कडक कलम आहे ते लावा. ते कलम त्यांना तोंडपाठ होतं. घरात उतरलेल्या पाहुण्यासाठी कायद्याने असं खास कलम केलेलं नाही.

घटनास्थळाच्या पंचनाम्याला मी स्वतः गेलो. पुस्तक पंचांसमोर उघडलं. एकेका चित्राचा बांधणीजवळचा चिंचोळा काठ तेवढा राहिला होता. काप सरळ, पट्टी धरून केलेला. दोन चित्रं मात्र जागेवर होती. पाहिलं तर ती दोन्ही फाटलेली. इथेच माझ्या मनातली ताईबद्दलची अर्धी शंका फिटली. अडाणी चोर पुस्तक उचलतो आणि रद्दीत घालतो. जो पुस्तक जागेवर ठेवतो, चित्रं तेवढी कापतो आणि त्यातलीही फाटकी सोडून चांगली निवडतो, त्याला माल कळतो आणि गिऱ्हाईकही ठाऊक असतं.

मी चिरंजीवांना वर्षभरात आलेल्या पाहुण्यांबद्दल विचारलं. त्यांचा चेहरा पडला. "साहेब, आमच्याकडे सगळे चांगल्या घरचे लोक येतात. त्यांना पोलिसांचे फोन गेले तर रिव्ह्यू खराब येतील."

हे वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही. ज्या ओटीवर बाईची पिशवी उलटी केली त्याच ओटीवर उभं राहून हा माणूस मला रिव्ह्यूची काळजी सांगत होता. मी फक्त एवढंच म्हणालो की पाहुण्यांची नावं आज ना उद्या मी काढीनच, तेव्हा तुम्ही मदत केली की नाही तेही कागदावर येईल. ते आत निघून गेले.

पुस्तक चाळताना मला एक गोष्ट दिसली. बहुतेक पानांच्या खालच्या मोकळ्या जागेत तपकिरी, गोल डाग होते. एखाद्या पानावर एक, एखाद्यावर दोन. काकूंना विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. वादळात घराचं छप्पर उडालं तेव्हा कपाट भिजलं, पुस्तकही भिजलं. घरात साठवलेली सोललेली सुपारीही भिजली होती. उघडीप मिळाली तशी ताईने अंगणात खळ्यावर एका बाजूला सुपारी पसरली आणि दुसऱ्या बाजूला हे पुस्तक उघडलं. वाऱ्याने पानं उडत होती, म्हणून तिने हाताशी आलेल्या सुपाऱ्याच पानांवर वजन म्हणून ठेवल्या. एक पान सुकलं की दुसरं उलटायचं, पुन्हा सुपारी ठेवायची. चित्रांच्या पानांवरही तसंच. ओली सुपारी रंग सोडते, तो रंग कागदात उतरला.

"मी तिला ओरडले होते तेव्हा," काकू म्हणाल्या. "म्हटलं, पुस्तक खराब केलंस. पण तिने सुकवलं नसतं तर लगदाच झाला असता हो."

हे सगळं त्यांना चिरंजीव बोट दाखवत होते तेव्हाही माहीत होतं. मी काकूंना काही बोललो नाही. बोललो असतो तर तोंडातून वेडंवाकडं गेलं असतं, आणि वयाचा मान ठेवण्याची सवय आम्हा लोकांना भारी पडते.

दुसऱ्या दिवशी महिला अंमलदाराला घेऊन मी कोळीवाड्यात ताईच्या घरी गेलो, साध्या कपड्यांत आणि पायी. दारात मांदेली मासळी वाळत घातली होती. तिने जबाब सरळ दिला. कपाट पुसायची, पुस्तकाला हात काकूंनी सांगितल्याशिवाय लावायची नाही. मग जबाब संपल्यावर म्हणाली की बाकीच्या घरांनीही चाव्या परत मागून घेतल्यात. भांडून नाही, गोड बोलून. एकीने सांगितलं, सध्या पाहुणे कमी आहेत. तिच्या फाटकात त्याच दिवशी गाड्या उभ्या होत्या.

"मी चोर न्हाय, ह्ये तुमाला पटलं, साहेब?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.

"तुमाला पटून मला चाव्या कोन देनार?"

 तेव्हा एकच ठरवलं की खरा चोर हातात घ्यायचा, म्हणजे हिचं नाव आपोआप साफ होईल. आपोआप काही साफ होत नाही, हे पुढे कळलं.

जुन्या चित्रांचा बाजार कुठे असतो? मुंबईत असतो, पण मला आधी आमचाच किनारा बघायचा होता. अलीकडे इथे नवीन रिसॉर्ट काढणारा प्रत्येक जण भिंतीवर जुनं काहीतरी टांगतो. बैलगाडीचं चाक, पितळी समई, कुणाच्या तरी आजोबांचा फोटो. मी माझ्या खबऱ्यांना सांगून ठेवलं. त्यातला एक जण टेम्पोने हॉटेलांना मासळी पोचवायचा, त्यामुळे तो सगळ्या स्वयंपाकघरांत जायचा आणि कोणाच्या लक्षातही राहायचा नाही. थोड्याच दिवसांत त्याचा फोन आला.

"साहेब, काशीदच्या अंगाला नवीन रिसॉर्ट झालाय. जेवनाच्या हॉलात चितरां लावलीत, जुन्या काळची, बाया-बापयांची. काचंत बसवलीत. तुमी बोलला व्हता तसलीच हायेत."

हद्द दुसऱ्या ठाण्याची. तिथल्या अधिकाऱ्याला कळवलं, त्यांचा माणूस आणि दोन पंच घेतले आणि भर दुपारी जेवणाच्या वेळेला गेलो. हॉलच्या भिंतीवर चार चित्रं ओळीने टांगलेली. वेलीखाली बसलेली विरहिणी, नदीकाठची भेट, असं काहीबाही. चारही बाजूंनी जाड पांढरा पुठ्ठा, त्यामुळे मूळ कागदाच्या कडा दिसत नव्हत्या. खाली पितळी पट्टीवर लिहिलेलं की ही एका संस्थानिकाच्या खासगी संग्रहातली चित्रं.

रिसॉर्टचा मालक उत्तरेकडच्या आगरी घरातला. वडिलांचं मिठागर, याचे ट्रक आणि आता हा रिसॉर्ट. घाबरला, पण लपवाछपवी केली नाही. "मना काय म्हाईत, साहेब? मोठा मानूस हाय तो, भाषनं देतो. बोलला, राजाच्या घरची हायेत. मी इसवास ठेवला."

पंचांसमोर पहिली फ्रेम उघडली. पुठ्ठा बाजूला केला आणि चित्राच्या खालच्या कडेला तपकिरी गोल डाग दिसला. दुसरी उघडली, तिच्यावर दोन डाग. मालक स्वतः बघत होता. त्याने डागावर बोट ठेवलं आणि त्याचा चेहरा उतरला. कुठल्याही राजाच्या ग्रंथालयात पानांवर सुपारी सुकवत नाहीत, हे त्याला सांगायची गरज पडली नाही. तो म्हणाला, या माणसाकडे अजून चित्रं आहेत, मला विकतो म्हणाला होता, मी त्याला बोलावतो.

तो माणूस पुढच्याच आठवड्यात आला, कागदाच्या नळकांड्यात आणखी तीन चित्रं घेऊन. रिसॉर्टच्या हॉलात बसून लिंबू सरबत पीत असतानाच आम्ही त्याला ताब्यात घेतलं. त्यांना मी इथे रसिक म्हणेन, कारण ते स्वतःला तसंच म्हणवत. लिननचा कुर्ता, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, बोलणं रेशमासारखं. जुन्या काव्यावर व्याख्यानं देतात, लेख लिहितात. आणि हो, काकूंच्या घरी दोनदा मुक्कामाला होते. काकूंना ते फार आवडले होते. दुपारी ते काकूंना त्या पुस्तकातल्या कविता वाचून दाखवायचे, यजमान वाचायचे तशाच.

चौकशीचा माझा एक नियम होता. खोटं बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही. त्याला मनसोक्त बोलू द्यायचं, सगळं लिहून घ्यायचं आणि मग त्याचं वाक्य त्यालाच वाचून दाखवायचं. रसिकांना चहा दिला. त्यांनी आम्हाला शृंगार आणि अश्लीलता यातला फरक समजावून सांगितला. हवालदार तोंड उघडं टाकून ऐकत होता. चित्रं कुठून आणली, तर म्हणे मुंबईतल्या एका वृद्ध संग्राहकाकडून, तो आता हयात नाही. काकूंच्या पुस्तकाशी काही संबंध? मुळीच नाही. त्या आवृत्तीच्या अनेक प्रती छापल्या गेल्या होत्या. कागदावरचे डाग कसले? जुन्या कागदाला असे डाग पडतातच, इन्स्पेक्टर साहेब, हे वयाचे डाग.

मग मी मुद्देमालातून काकूंचं पुस्तक मागवलं. त्यातलं पान उघडलं, बांधणीला राहिलेल्या चिंचोळ्या काठाला चित्राची कापलेली कड लावली. रेघ रेघेला मिळाली. समोरच्या कवितेच्या पानावर त्याच डागाचा ठसा उतरला होता, तो चित्रावरच्या डागावर बरोबर बसला. एक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. मी त्यांना त्यांचं वाक्य वाचून दाखवलं आणि सांगितलं की हे वयाचे डाग नाहीत, ही आमच्या किनाऱ्याची सुपारी आहे, आणि कोणत्या बाईने कोणत्या अंगणात ठेवली होती तेही मला माहीत आहे.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता रडतील. तसं काही झालं नाही. ते म्हणाले, "त्या घरात ती चित्रं कुजून गेली असती. त्यांना त्याची किंमत तरी होती का? पानांवर सुपाऱ्या ठेवणारे लोक ते. मी ती चित्रं वाचवली."

काकू कविता ऐकता ऐकता दुपारच्या डुलकीत गेल्या की हे गृहस्थ दाढीच्या सामानातलं ब्लेड काढायचे. एका बाजूला विरहाचं काव्य आणि दुसऱ्या बाजूला पट्टी आणि ब्लेड. ज्या हातांनी ते पुस्तक खरोखर वाचवलं त्या हातांवर चोरीचा आळ, आणि हे महाशय माझ्यासमोर बसून म्हणतात, मी वाचवली.

मी त्यांना विचारलं की एका कामवाल्या बाईवर संशय आहे हे तुम्हाला कळलं होतं का. कळलं होतं. चिरंजीवांनी काकूंचे आवडते पाहुणे म्हणून स्वतःहून फोन करून त्यांना चोरीची बातमी सांगितली होती. माझ्या चौकशीत ज्या वेळी पाहुण्यांची नावं सांगताना चिरंजीवांची जीभ अडखळत होती, त्याच वेळी खऱ्या चोराला त्यांचा फोन जात होता, हळहळ वाटून घ्यायला.

"तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

रसिक खिडकीकडे बघत म्हणाले, "म्हटलं, नोकरमाणसांवर थोडं लक्ष ठेवायला हवं."

नोकरीत मी कोणावर हात उचलला नाही. त्या दिवशी मी उठून बाहेर व्हरांड्यात गेलो. माणूस भुकेने चोरी करतो, व्यसनाने करतो, हावेने करतो, हे सगळं मला समजतं. पण स्वतःची चोरी दुसऱ्याच्या गळ्यात पडताना पाहून तिला वरून आणखी एक गाठ मारणारा माणूस मला समजला नाही आणि समजून घ्यायचाही नाही.

पुढचं काम रीतसर झालं. मेमोरँडम पंचनामा केला, म्हणजे उरलेला माल कुठे आहे हे त्यांनी पंचांसमोर सांगितलं ते लिहून घेतलं, त्यांच्या घरून उरलेली चित्रं जप्त केली, दोषारोपपत्र दाखल केलं. त्यांना लगेच जामीन मिळाला, तो मिळायचाच. पुस्तक आणि चित्रं कोर्टाच्या हुकमाने काकूंना परत मिळाली.

आता ताईचं. तपास संपल्यावर मी कागद चाळत बसलो आणि माझ्या लक्षात आलं की तिच्या नावावर एक अक्षरही नाही जे पुसता येईल. ती आरोपी कधी नव्हतीच. अटक नाही, त्यामुळे सुटका नाही. खटला नाही, त्यामुळे निर्दोष असल्याचा निकाल नाही. खऱ्या चोरालाही कोर्ट एखादे दिवशी निर्दोष म्हणू शकतं. नुसत्या संशयातून सुटलेल्या माणसाला तसं म्हणणारं कोणी नसतं.

म्हणून मी स्वतः गणवेशात गावात गेलो. ग्रामसभेला लोक जमले होते, सरपंचांची परवानगी घेऊन उभा राहिलो आणि सांगितलं की चोर बाहेरचा होता, सापडला आहे, ताईचा यात काही संबंध नव्हता. लोकांनी माना हलवल्या. दोन दिवसांत माझ्या खबऱ्याकडून कळलं की गावात चर्चा आहे, साहेबांच्या घरी कोळीवाड्यातून चांगली पापलेटं पोचली असणार. पोलीस एखाद्याला चोर म्हणाला तर लोकांना ते पटतं, त्याच पोलिसाने चोर नाही म्हटलं तर लोक त्याचा हिशेब काढतात.

काही महिन्यांनी म्हसळ्याच्या बाजारात मला ताई दिसली. सुकट आणि बोंबील घेऊन बसली होती. एसटीने रोज यायची, कारण म्हसळ्यात तिला कोणी ओळखत नव्हतं. मला पाहून तिने पाटीवरचं फडकं नीट केलं आणि बसायला गोणपाट पुढे सरकवलं. काकूंनी बोलावलं होतं का, मी विचारलं. हो म्हणाली. काकूंनी घरी बोलावलं, पुस्तक दाखवलं, हात धरून माफी मागितली, रडल्या, कामावर ये म्हणाल्या.

"मग का गेली नाहीस?"

तिने गिऱ्हाइकाला सुकट मोजून दिली, सुट्टे पैसे परत केले आणि मग बोलली.

"साहेब, चोर बोलले ते ओटीवर, धा मानसांत. माफी मागली ती माजघरात, दार लावून. ती माफी माझी मला ठाव हाय, गावाला कुटं ठाव हाय?"

मी तिथून तडक दिवेआगरला गेलो. काकू ओटीवरच होत्या, चिरंजीवही होते. मी सरळ सांगितलं, ताईला जे इथे म्हटलंत ते इथेच, लोकांसमोर मागे घ्या. माझ्या शब्दावर गावाचं भागत नाही, शब्द ज्या तोंडातून गेला त्याच तोंडातून परत यायला हवा. काकूंचे डोळे भरले. त्या काही बोलणार एवढ्यात चिरंजीव म्हणाले, "झालं ना आता साहेब, माफी मागितली आईने. ऐन सीझनमध्ये कशाला तमाशा? खोल्या भरलेल्या आहेत." काकूंनी मुलाकडे पाहिलं आणि त्या पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. ओटीवर पाहुण्यांची मुलं कॅरम खेळत होती. मी जीपमध्ये जाऊन बसलो.

मध्यंतरी माझ्या मोबाईलवर एका कार्यक्रमाचं निमंत्रण फिरत आलं. प्राचीन प्रेमकाव्यावर व्याख्यान, वक्ते आमचे रसिक. खटला अजून चालू आहे. निमंत्रणाखाली लोकांनी हात जोडल्याची आणि फुलांची चित्रं पाठवली होती.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच. उरलेल्या नोकरीत चोरीची फिर्याद घेताना फिर्यादीने कोणाचं नाव घेतलं, की मी पेन खाली ठेवायचो आणि विचारायचो, हे तुम्ही आणखी कोणाकोणासमोर बोललात? कुठे बोललात? चोर दुसरा निघाला तर त्याच जागी, त्याच माणसांसमोर जाऊन, तुम्ही स्वतः ते मागे घ्याल का? बरेच जण तिथेच नाव मागे घ्यायचे. बाकीचे छातीवर हात ठेवून म्हणायचे, घेऊ की साहेब, त्यात काय. त्यातल्या कितीतरी जणांचा चोर पुढे दुसराच निघाला, आणि शब्द परत घ्यायला त्या जागी एकही जण गेला नाही.